पाव आटा जास्त

सुवर्णा चौगुलेची काच मी मोडली. तांब्याच्या पकडीचा स्क्रू आवळताना पाव आटा जास्त फिरवला आणि ती तुटली. तिच्या जागी मी दुसरीच काच बसवली आणि कुणाला काही बोललो नाही. पुढं अकरा वर्षं बोललो नाही.

हे आधीच लिहून टाकतो. संपादकांनी माझ्याकडं ‘प्रयोगशाळेतल्या गमतीजमती’ मागितल्या आहेत, आणि गमतीजमतींच्या आड ही गोष्ट झाकायला मी चांगला सरावलेलो आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, म्हणजे सरांचाही निरोप आला, की शंकरराव, लिहायचं तर जपून लिहा. जपून बरीच वर्षं राहिलो. आता हे ज्याला जसं वाचायचं तसं त्यानं वाचावं.

मी कोल्हापुरातल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहे. संस्थेचं नाव घालत नाही. चूक माझी आहे, इमारतीची नाही. शिक्षण आयटीआय, टर्नर. आधी चार वर्षं लेथवर पंपाचे शाफ्ट काढले, मग इथं चिकटलो. माझं काम एका ओळीत सांगायचं तर काच कापायची, पोस्टकार्डाइतकी पातळ होईपर्यंत घासायची, पकडीत बसवायची आणि माणसाला कल्पना करता येणार नाही इतकी गार करायची. मग ती वाजवायची आणि किती वेळ वाजते ते मोजायचं.

आमच्या मंगळवार पेठेत तालमीच्या कट्ट्यावर या नोकरीची भरपूर थट्टा झाली. बापू म्हणून माझा मित्र आहे, तो चारचौघांत विचारायचा,

“काय रं शंकऱ्या, काच गारठवून वाजवतोस म्हणं?”

“व्हय.”

“मग काय हुतंय?”

“लवकर गप बसत्या.”

“मग आमच्या नगरसेवकाला न्हेऊन ठेव की त्येच्यात.”

आता खरं काय होतं ते सांगतो. स्फटिक नावाचा पदार्थ असतो, त्याच्या आत अणू सरीतल्या उसासारखे ओळीत उभे असतात. त्याला गार करत नेलं आणि टिचकी मारली, तर तो जास्त जास्त वेळ गुंजत राहतो. आतली हालचाल थांबत जाते, त्यामुळं सुराला अडवणारं कुणी उरत नाही. काचेत अणूंच्या ओळी नसतात. काच म्हणजे कुस्तीच्या मैदानातली गर्दी, जिथं जागा मिळाली तिथं माणूस टेकलेला. अशी काच हेलियमनं गार केली, थंडीची जी शेवटची पायरी आहे तिच्या दीड अंश वर नेऊन ठेवली, तरी आत सगळं थांबत नाही. थोडे अणू असे राहतात की ज्यांना शेजारशेजारच्या दोन जागा सारख्याच बऱ्या वाटतात. ते या जागेवरून त्या जागेवर, त्या जागेवरून या जागेवर करत राहतात. सूर काचेतून जायला लागला की त्याची ताकद या चुळबुळीत खर्च होते, आणि तो लवकर मरतो.

यात एक फार विचित्र गोष्ट आहे. खिडकीची काच घ्या, भिंगाची घ्या, नाहीतर कुणी भट्टीत वितळवून केलेली नव्या जातीची घ्या. त्या थंडीत या सगळ्या काचा सुराची ताकद जवळजवळ सारख्याच प्रमाणात खातात. असं का, हे मोठमोठ्या माणसांनाही अजून धड सांगता आलेलं नाही. वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माझं पाप तिच्याच आडोशाला लपलं.

एकदा वरून एक अधिकारी पाहणीला आले होते. सगळं बघून म्हणाले, “याचा समाजाला उपयोग काय?” सर चाचरले. मी मागं पाना घेऊन उभा होतो. म्हणालो, “साहेब, अतिशय बारीक मोजमाप करणारी जी यंत्रं असतात, त्यांच्यात कुठं ना कुठं काचेचा थर असतो. त्याची ही चुळबूळ मोजमापात घुसते. ती किती हे कुणीतरी प्रामाणिकपणे मोजायला पाहिजे.” साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तंत्रज्ञानं तोंड उघडलं म्हणून सरांचं तोंड आंबट झालं. मी मात्र ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द कुठल्या तोंडानं वापरला, याचाच विचार घरी जाईपर्यंत करत होतो. कारण सुवर्णाची काच मोडल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

सुवर्णा कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायला आलेली. वडील शेतकरी, आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे. ती पहिल्यांदा प्रयोगशाळेत आली तेव्हा नायट्रोजनचं भांडं बघून म्हणाली, “हे आमच्या गावात जनावरांचा डॉक्टर घेऊन येतोय की, म्हशीला इंजेक्शन द्यायला.” मी म्हणालो, “ह्येच्यात आधी तुझी काच बुडवायची हाय.” ती म्हणाली, “बुडवूया की, मामा.” तेव्हापासून मी तिचा, आणि पुढं सगळ्याच पोरांचा, मामा.

तिनं स्वतःची काच बनवली होती, टाकणखाराच्या जातीची. आधी सराफकट्ट्यावरून साधा टाकणखार आणून हात बसवला, मग शुद्ध रसायनं वापरली. आठ-नऊ वेळा काच ढगाळ निघाली. शेवटी एक स्वच्छ तुकडा मिळाला. त्यातून चार पट्ट्या कापल्या, तीन घासताना गेल्या. चौथी मी घासली. दोन महिने गेले त्यात. बोटाच्या पेराहून लहान पट्टी, तिच्यावर सोन्याचा नावापुरता थर चढवलेला, कारण ती विजेनं हलवावी लागते. सोनं चढलं की आतली काच कुठल्या जातीची, हे डोळ्यांना कळत नाही.

पट्टीचं एक टोक पकडीत घट्ट धरायचं आणि बाकीची मोकळी सोडायची. मोकळी लांबी थोडी जरी चुकली तरी सूर बराच बदलतो. म्हणून पकड कुठवर यायला हवी तिथं सुवर्णानं सुईनं रेघ ओढली होती. आदल्या दिवशी टेबलावर पट्टी पकडीत हलकी धरून तिनं वाजवून पाहिली, आणि सुराचा आकडा वहीत लिहिला. आम्ही एक छोटा स्पीकर जोडलेला असायचा, त्यामुळं तो सूर कानानंही ऐकता यायचा.

द्रवरूप हेलियम पुण्याहून मोठ्या भांड्यातून येतो. तो साठवून ठेवता येत नाही. भांडं कितीही चांगलं असलं तरी तो आपला उडून जात राहतो. महिना-महिना वाट बघायची, आणि आला की सगळं तयार पाहिजे. त्या सकाळी गाडी फाटकात आली आणि सुवर्णा तिला घ्यायला धावली. जाताना म्हणाली, “मामा, बसवा तेवढं. आलो मी.” आमच्याकडं बायकाही ‘आलो’ म्हणतात.

मी पट्टी रेघेवर बसवली. स्क्रू आवळला. बसला होता. पण थंडीत तांबं आकसतं, पकड ढिली पडायची भीती असते, म्हणून अजून थोडा आवळावा असं वाटलं. वीस वर्षांचा हात होता माझा. पाव आटा फिरवला आणि ‘कट्’ असा आवाज आला. फार बारीक आवाज होता.

खिडकीतून सुवर्णा दिसत होती. गाडी मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला हातानं दाखवत होती, “या, या, अजून या... बास.” तिला हाक मारायला अर्धं मिनिट होतं. हाक मारली असती तर काय झालं असतं? हेलियम उडून गेला असता. सर दोन शब्द बोलले असते. तिनं पुन्हा काच वितळवली असती, मी पुन्हा घासली असती. एवढंच झालं असतं. मी हाक मारली नाही. पकड तपासायला म्हणून मी सूक्ष्मदर्शकाच्या साध्या काचेची एक पट्टी कापून, सोनं चढवून ड्रॉवरमध्ये ठेवलेली होती. ती काढली, बसवली, आणि झाकण लावलं. सुवर्णाच्या काचेचे दोन तुकडे कागदात गुंडाळून खिशात घातले.

दुपारी मापं सुरू झाली. सर स्वतः उभे होते. थंडी उतरत गेली, आणि शेवटी सूर मरण्याचा वेग जिथं यायला हवा बरोबर तिथं आला. जगातल्या इतर काचांचा जो आकडा, तोच. सर खूश झाले. “बघा, ही पण त्याच रांगेत बसली,” म्हणाले आणि सगळ्यांना भडंग मागवला.

सुवर्णा भडंग खायला आली नाही. स्पीकरजवळ कान नेऊन उभी होती.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “ह्यो सूर माझ्या काचंचा न्हाय.”

“का गं?”

“वर वाजतोय. पेटीची पांढरी एक धरली आणि पांढरी दोन ऐकू आली, असं झालंय हे.”

मी म्हणालो, “गार झाल्यावर बदलतंच की.”

थंडीनं काचेचा सूर बदलतो, पण केसभर. एक अख्खा स्वर नाही. हे मला पक्कं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पाव आट्याची चूक हाताची होती, ती कुठल्याही कारागिराकडून होते. हे वाक्य मात्र मी डोकं ताळ्यावर ठेवून बोललो.

पट्टी काढताना सुवर्णाला बाजूला केलं, ‘तुटली’ म्हणालो, आणि खिशातले तुकडे तिच्या हातावर ठेवले. तिनं त्यांची जाडी मोजली. ती वहीतल्या आकड्याशी जुळली. जुळणारच, काच तिचीच होती. म्हणजे जाडी बरोबर, काच बरोबर, मग चुकलं काय? राहिली फक्त लांबी, आणि रेघेपाशी चुरलेल्या तुकड्यांवर ती पुन्हा मोजता येत नव्हती. म्हणजे तिची रेघ, कारण ती तिरकी असली तर पकड दर वेळी वेगळ्या जागी बसते.

आमच्याकडं शनिवारी सगळे एका खोलीत जमतात आणि विद्यार्थी आपलं काम मांडतात. तिथं चौदा-पंधरा माणसांसमोर सर म्हणाले,

“चौगुले, पट्टीवर सरळ रेघ मारता येत नसेल तर संशोधनाला कशाला येता?”

“सर, मी तीनदा मोजलंय. रेघ बरोबर हाय.”

“मग सूर चुकला कसा? टेबलावर पकड हलकी धरली होती तुम्ही.”

“तेवढ्यानं एवढा फरक पडत न्हाय सर.”

“मग काय, कुणी काच बदलून ठेवली रात्रीत?”

सगळे हसले. मी दाराजवळ उभा होतो. मी पण हसलो.

सरांनी सुराचं प्रकरण बाजूला ठेवून बाकीचा निकाल छापायला पाठवला, आणि सुवर्णाला सांगितलं की प्रबंधात एक वाक्य लिहा, ‘लांबी मोजताना चूक झाली.’ एवढं लिहिलं की सही करतो. ती म्हणाली, “चूक झाली न्हाय, तर लिहू कशी?” पाच महिने हे चाललं. लोक तिला समजवायला जायचे. मीही गेलो होतो. म्हणालो, “एक वाक्य तर हाय, लिहून टाक आणि मोकळी हो.” ती माझ्याकडं बघून म्हणाली, “मामा, तुम्ही सांगताय व्हय हे?” तिला काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त मी काम जाणणारा माणूस वाटत होतो.

तिनं वाक्य लिहिलं नाही. एका सोमवारी वह्या सरांच्या टेबलावर ठेवून निघून गेली. पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या मलकापूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागल्याचं कळलं.

अकरा वर्षांत मी शेकडो पट्ट्या बसवल्या, एकही तुटली नाही. माझी कीर्ती अशी झाली की बाहेरगावचे लोक काच घासून घ्यायला माझ्याकडं यायचे. मला त्याचा अभिमान आहे, तो मी नाकारत नाही. पण पकड आवळताना प्रत्येक वेळी माझा हात शेवटच्या पाव आट्यापाशी थांबायचा, आणि मी खिडकीकडं बघायचो.

मागल्या वर्षी विजेवर चालणारं नवं थंडीचं यंत्र आलं. हेलियमची वाट बघायची गरज उरली नाही. एका नव्या विद्यार्थ्यानं सुवर्णाची जुनी वही उघडून तिच्याच कृतीनं काच बनवली, वाजवली, आणि माझ्याकडं येऊन म्हणाला, “मामा, ह्या चौगुले मॅडम कोण? ह्यांचा टेबलावरचा आकडा माझ्याशी तंतोतंत जुळतोय. मग वहीत लाल शाईनं ‘चूक’ असं कुणी लिहिलंय?”

अक्षर सरांचं होतं. मी त्याच पावली सरांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

सरांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, “शंकरराव, बसा. झालं ते झालं. आपण जे छापलं त्याला धक्का लागतो का? त्या थंडीत सगळ्या काचा सारख्याच. तुमची असो नाहीतर तिची.”

“सर, छापताना तिच्या काचेचं नाव छापलंय. मोजलेली काच माझी व्हती.”

“आकडा तोच आला असता.”

“आला असता. पण आपण मोजला न्हाय.”

“तुमची निवृत्ती जवळ आली. कागद माझ्या सहीनं जायचेत. कशाला या वयात?”

ते धमकीच्या सुरात बोलले नाहीत, काळजीच्या सुरात बोलले. मला तेच जास्त लागलं. अकरा वर्षांपूर्वी मी तिच्याशी याच सुरात बोललो होतो, एक वाक्य तर हाय म्हणून.

मी म्हणालो, “सही करा नाहीतर करू नका सर. मी लिहिणार.” आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीत, त्या जुन्या पानावर, निळ्या शाईनं काय घडलं ते लिहिलं आणि खाली नाव घातलं. सर म्हणाले, हे पान काढावं लागेल. मी म्हणालो, काढा. मी दुसऱ्यावर लिहीन.

दुसऱ्या दिवशी मलकापूरची एसटी धरली. सुवर्णा शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत बसली होती. केस थोडे पिकलेत. मी म्हणालो, “मॅडम...”

“मॅडम कुणाला म्हणताय, मामा? बसा.” चहा मागवला. म्हणाली, “अकरा वर्षं लागली व्हय मलकापूरला यायला? यष्टी तर तासाला हाय.”

मी खिशातून सूक्ष्मदर्शकाच्या काचेची ती पट्टी काढून टेबलावर ठेवली. मी ती टाकून दिली नव्हती. का, ते मला सांगता येणार नाही. मग स्क्रूपासून खिशातल्या तुकड्यांपर्यंत सगळं सांगितलं. माझं संपल्यावर तिनं विचारलं, “हिची जाडी किती?”

मी आकडा सांगितला. तपासलेल्या पेपरच्या कोऱ्या पाठीवर तिनं गणित मांडलं. पेन थांबलं. आलेल्या उत्तराखाली तिनं दोन रेघा ओढल्या.

“पांढरी दोन,” ती म्हणाली. “बरोबर ऐकलोवतो मी.”

मग पेन खाली ठेवून म्हणाली, “काच मोडली त्याचं काय न्हाय, मामा. माझ्या हातनं तीन मोडल्या. त्या दिवशी सगळी हसली तवा तुम्ही पण हसला. मी तुमच्याकडंच बघत होतो. म्हटलं, निदान मामा तरी म्हणतील, पोरगीची रेघ मी बघितल्या, सरळ हाय.”

मी हात जोडले. तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, “इथं नको. इथं मला कोण काय बोललं नव्हतं.”

पुढच्या शनिवारी ती आली. तीच खोली, बाकं नवी. समोर काही जुनी माणसं, काही तिला कधीही न पाहिलेली पोरं. ती दुसऱ्या बाकावर बसली. वहीतून एक जुनं पाकीट काढून तिनं समोर ठेवलं. त्यात तिच्या काचेचे ते दोन तुकडे होते. तिनंही टाकले नव्हते.

मी उठून पुढं गेलो. सर म्हणाले, “शंकरराव, हे आपण नंतर चहाला बोलू.”

मी म्हणालो, “चहाला न्हाय सर. हितंच.”

मग फळ्याजवळ, जिथं ती उभी राहिली होती तिथं उभा राहिलो. आयुष्यात त्या जागेवरून मी कधी बोललो नव्हतो. तंत्रज्ञ तिथं फक्त तारा जोडायला जातो.

“माझं नाव शंकर. या खोलीत अकरा वर्षांमागं ह्या सुवर्णा चौगुलेंना विचारलं होतं, की काच कुणी बदलून ठेवली काय. ठेवली होती. मी ठेवली होती. यांची काच मी मोडली, दुसरी बसवली, आणि यांनी सूर चुकलाय म्हणून ओळखल्यावर थंडीनं बदलतो असं खोटं सांगितलं. यांची रेघ मी स्वतः पकडीवर जुळवून बघितली होती. सरळ होती. यांनी तीनदा मोजलं ते तिन्ही वेळा बरोबर होतं. सगळे हसले तेव्हा मी पण हसलो, आणि मी एकटाच असा होतो की ज्याला खरं माहीत होतं. सुवर्णा, पोरी, मी चुकलो. मला माफ कर.”